गॅरेजची शाळा आणि दुचाकीचा मेकॅनिक

मुलगा दहावी-बारावी होतो, पुस्तकात मन रमत नाही, पण बिघडलेली गाडी दिसली की बाजूला हटत नाही. अशा घरात दुचाकीचा मेकॅनिक व्हायचा विषय निघाला की बोलणे दोन गोष्टींभोवती फिरते : महिन्याला हातात किती पडतील, आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे काम राहील का. दोन्ही शंका रास्त आहेत. पण दोन्हींचे उत्तर एका तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही : हे काम शिकायचे कुठे आणि कसे? गेल्या सत्तर वर्षांत या धंद्यात तीन-चार मोठी स्थित्यंतरे झाली. प्रत्येक वेळी काही मेकॅनिक तरले, काही मागे पडले. हात कुणाचा किती चांगला होता, यापेक्षा कोण काय समजून शिकला होता, यावर ते ठरले असे माझे मत आहे. ज्यांना एका विशिष्ट गाडीची कृती पाठ होती ते त्या गाडीबरोबर थांबले. ज्यांना बिघाडाचे कारण शोधता येत होते ते पुढच्या गाडीकडे वळले. आज हा मार्ग धरू पाहणाऱ्याने ही हकीकत नीट जाणून घ्यावी, कारण तो ज्या स्थित्यंतरात उभा आहे ते आधीच्या सगळ्यांपेक्षा खोल आहे.

दुचाकी दुरुस्ती हा आपल्याकडचा तसा तरुण धंदा. लोहार, सुतार, कुंभार यांना गावगाड्यात ठरलेली जागा होती, वतन होते, बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान होते. मोटारसायकलच्या कारागिराला बलुतेदारीत जागा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्रच परदेशातून आलेले. स्वातंत्र्यानंतर गाड्या इथे बनू लागल्या तेव्हा चित्र बदलले. लष्कराच्या मागणीमुळे 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट तिथे जुळू लागली. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा आणत होती. बजाजला 1959 मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा इथे तयार होऊ लागली; आकुर्डीच्या कारखान्याने पुण्याची ओळखच पालटली. म्हैसूरला आयडियल जावा 1961 मध्ये सुरू झाली, फरिदाबादहून राजदूत आली. म्हणजे दहा वर्षांच्या आत चार-पाच वेगवेगळ्या घराण्यांची यंत्रे रस्त्यावर आली, आणि ती दुरुस्त करणारा वर्ग मात्र कुठेच तयार नव्हता. तो सायकलच्या दुकानांतून, मोटारींच्या गॅरेजांतून, लेथच्या शेडमधून, लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्यांतून जमत गेला. जन्माने ठरलेला नसलेला असा हा धंदा होता आणि म्हणून त्यात शिरायला वाव होता. हा वाव अमर्याद नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गॅरेजात पोऱ्या म्हणून लागायचे तर उस्ताद ओळखीचा, नात्यातला किंवा मोहल्ल्यातला लागे, आणि मुलींना तर हे दार कुणी दाखवलेच नाही.

या धंद्याला बरकत आली ती टंचाईमुळे. परवाना पद्धतीच्या काळात कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवी आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे असे. 1971 मध्ये पियाजिओशी करार संपला, पुढच्याच वर्षी बजाजची चेतक आली, आणि मग तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा काळ सुरू झाला. काही ठिकाणी ही प्रतीक्षा दहा वर्षांवर जाई. नवी गाडी मिळतच नसेल तर जुनी मोडीत काढणे परवडणारे नव्हते. सिलिंडर झिजला की रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, तोही झिजला की आणखी एक साइज वर जायचे, शेवटी नवी स्लीव्ह ठोकायची. क्रँकची कनेक्टिंग रॉड बदलून तो पुन्हा प्रेसवर बसवायचा. अशी एक गाडी वीस-वीस वर्षे चाले आणि त्या वीस वर्षांत तिच्यावर दोन-तीन मेकॅनिकांचे संसार उभे राहत. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची बाजारपेठ रुजली, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मोडीतल्या गाड्यांचे भाग मिळू लागले. त्यात 1972 मध्ये फिरोदियांची लूना आली. सायकल आणि स्कूटर यांच्या मधली ही वस्तू; तिला पेडल होते, आणि सायकल दुरुस्त करणाऱ्याला ती परकी वाटली नाही. सायकलींच्या शहरातली सायकलची दुकाने हळूहळू दुचाकीची गॅरेजे झाली त्यात लूनाचा वाटा मोठा आहे.

आता या गॅरेजात शिकवणे कसे चाले ते जवळून पाहू. पोऱ्या दहा-बारा वर्षांचा असताना लागे. पहिले वर्षभर झाडू, चहा, रॉकेलने भाग धुणे आणि पाने ओळखणे : दहा-अकराचा, बारा-तेराचा, प्लग पाना. मग नट खोलणे, मग पंक्चर, मग ब्रेक-क्लचच्या केबली. पॉइंट सेट करायला मिळाला म्हणजे बढती झाली. चेतकच्या पंख्याचे कव्हर काढले की आत फ्लायव्हील दिसते आणि त्याला एक खिडकी असते. चाक हाताने फिरवत ती खिडकी पॉइंटसमोर आणायची, पॉइंट सर्वांत जास्त उघडतो ती जागा धरायची, स्क्रू किंचित सैल करून फट जुळवायची. ती साधारण 0.4 मिलिमीटर असावी लागते. फिलर गेज असले तर ठीक, नसले तर पोस्टकार्डाचा तुकडा घालून अंदाज घ्यायचा. त्याआधी पॉइंटची तोंडे पॉलिश पेपरने घासून साफ करायची. मग किक. उस्तादाच्या हाताखाली हे इतक्या वेळा होई की पुढे मुलाच्या बोटांना फट न मोजता कळू लागे. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा : विटकरी असेल तर मिश्रण बरोबर, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त. हे ज्ञान खरे होते, कसदार होते, आणि कुठल्याही पुस्तकाशिवाय एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिले. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या शाळेत एक उणीव होती आणि पुढची सगळी हकीकत तिच्यातून निघते. तिथे काय करायचे ते शिकवले जाई. ते का करायचे हे उस्तादालाच अनेकदा कुणी सांगितलेले नसे. पॉइंट उघडताच कॉइलमधला प्रवाह तुटतो, तो झटक्याने तुटल्यामुळेच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगला ठिणगी पडते, ही साखळी ज्याला माहीत होती त्याला कंडेन्सरचे काम समजत होते. कंडेन्सर खराब झाला की पॉइंटच्या तोंडांवर ठिणग्या उडतात आणि तोंडे जळतात. ज्याला ही साखळी माहीत नव्हती तो जळका पॉइंट काढून नवा घाली, महिन्याभराने गाडी पुन्हा बंद पडे, तो पुन्हा नवा पॉइंट घाली आणि दोष कंपनीच्या मालाला देई. पॉइंट स्वस्त होता, गिऱ्हाईकाला दुसरा पर्याय नव्हता, म्हणून ही चूक खपून गेली. टंचाईने मेकॅनिकला काम दिले, आणि त्याच टंचाईने त्याचे अज्ञान झाकूनही ठेवले.

पहिला धक्का 1984-85 च्या सुमारास बसला. कायनेटिक होंडा आली, तिला गिअर नव्हते आणि बटण दाबताच ती चालू होई. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. हे चार स्ट्रोकचे इंजिन होते. पेट्रोलमध्ये लिटरमागे 20 मिली ऑइल मिसळण्याची गरज नाही, आत व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंगची चेन. पॉइंट गेले, सीडीआय नावाची बंद डबी आली. तिला खिडकी नाही, घासायला काही नाही. पॉइंटची साखळी ज्यांना समजली होती त्यांना नवे यंत्र समजायला फार वेळ लागला नाही, कारण एका वेटोळ्यात झटका बसला की दुसऱ्यात हजारो व्होल्ट तयार होतात हे तत्त्व तेच होते, तो झटका देणारा भाग तेवढा बदलला होता. मल्टिमीटर घ्यायचा, पिकअप कॉइलचा रोध मोजायचा, वायर कुठे तुटली ते बघायचे. बाकीच्यांनी एक सोपी वाट काढली : दुसऱ्या गाडीची चांगली सीडीआय लावून पाहायची, चालली तर ही गेली. बदलून पाहणे हीच परीक्षा झाली. त्यातही धंदा चालला, कारण 1991 नंतर गाड्यांची संख्याच इतकी वाढली की सगळ्यांना काम पुरून उरले. 2001 मध्ये पल्सर आली, दोन स्ट्रोकच्या गाड्या प्रदूषणाच्या नियमांपुढे टिकेनात, आणि पुढच्या काही वर्षांत चेतकचेही उत्पादन थांबले.

दुसरा धक्का मात्र अचानक आला असे म्हणता येणार नाही. पेट्रोल इंजेक्शनची हिरो होंडा ग्लॅमर भारतात 2006 मध्येच विक्रीला आली होती, पाठोपाठ पुढच्या वर्षी पल्सर 220. भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले 1 एप्रिल 2020 रोजी. त्या दिवसापासून दुचाकीतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मधली चौदा वर्षे कार्बोरेटरच्या जोरावर चाललेल्या धंद्याला तयारीसाठी मिळाली होती. ती बहुतेक गॅरेजांत वाया गेली. इंजेक्शनच्या गाड्या महाग आणि थोड्या असल्याने त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात, कोपऱ्यावरच्या गॅरेजात येतच नसत. जी गाडी हाताखाली येत नाही ती उस्ताद शिकवणार कशी? गॅरेजची शाळा समोर आलेल्या कामातूनच शिकवते. तिच्याकडे पुढचे वर्ग नसतात.

इंजेक्शनच्या गाडीवर काम कसे होते ते पाहिले की फरक कळतो. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे तपासणीचा एक कनेक्टर असतो. त्याचे ठरलेले टोक जोडून किल्ली फिरवली की मीटरवरचा पिवळा दिवा मिचकायला लागतो. लांब मिचकावणे म्हणजे दहा, छोटे म्हणजे एक. आठ छोटे आले तर बोट थ्रॉटलच्या सेन्सरकडे, दोन लांब आणि एक छोटे आले तर सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे. दिवा मोजता येणे काही अवघड नाही, ते एका दुपारी शिकता येते. खरी परीक्षा पुढे असते. एकवीस आकडा आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेलाच असे नाही. त्याची वायर उंदराने कुरतडली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेले असेल, मॅनिफोल्डमधून हवा शिरून मिश्रणच बिघडले असेल. सेन्सरपर्यंत व्होल्टेज पोचते का, अर्थ बरोबर आहे का, हे पायरीपायरीने तपासावे लागते. इथे बदलून पाहण्याची रीत मोडून पडते. इसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, हजारो रुपयांचा, दुकानदार लावून पाहिलेला परत घेत नाही, आणि दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही. पॉइंटच्या काळात जे अज्ञान झाकले गेले, त्याची किंमत आता एका चुकीत वसूल होते.

दरम्यान जुनी शाळा कायद्यानेही बंद झाली, आणि ते योग्यच झाले. 1986 च्या बालकामगार कायद्यातल्या मनाईच्या कामांत पुढे मोटार गॅरेजे आली. 2009 मध्ये शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना, घरच्या उद्योगात शाळेनंतर हातभार लावण्याचा अपवाद सोडला, तर कामाला ठेवण्यावरच बंदी आली. जुन्या उस्तादांच्या आठवणींत गौरवाने येणारे ते पोऱ्याचे दिवस म्हणजे शाळा सुटलेले, पगाराविना राबणारे, कानाखाली खात शिकणारे लहानपण होते. त्याच्यावर उभे राहिलेले कौशल्य मोठे असले तरी ती किंमत पुन्हा कुणी मोजू नये. मात्र एक शाळा बंद करताना तिच्या जागी दुसरी तितक्याच ताकदीने उभी करावी लागते, ते झाले नाही. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा वर्षभराचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तरीही दुचाकीचा धंदा या संस्थांच्या बाहेरच वाढला. उस्तादाला प्रमाणपत्राची गरज वाटली नाही आणि संस्थेला उस्तादाची.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : आजवरचे नामवंत मेकॅनिक कुठल्या संस्थेत शिकले होते? बहुतेक नाहीत, हे खरे. पण त्यांच्या काळचे यंत्र उघडे होते. ते हाताने चाचपता येई, कानाने ओळखता येई, प्लगच्या रंगावरून वाचता येई. डोळ्यांसमोर हजार वेळा घडलेल्या गोष्टीतून माणूस कारण सांगितल्याशिवायही शिकतो. विजेचा प्रवाह असा दिसत नाही. ओहमचा नियम, रोध, समांतर आणि एकसर जोडणी, सर्किटचा नकाशा वाचणे, हे कुणीतरी फळ्यावर मांडून, मग मीटर हातात देऊन शिकवावे लागते. उलट बाजूचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे : आयटीआयतून निघालेल्या मुलाला गॅरेजात इंजिन बांधता येत नाही. तेही खरे आहे, आणि एका वर्षात ते यावे ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी तत्त्व, मग हात. आधी गॅरेज धरले तर चार पैसे मिळू लागतात आणि माणूस वर्गात परत जात नाही. आधी वर्ग झाला तर गॅरेजातला प्रत्येक बिघाड त्याच्या माहितीला जोडला जातो, आणि ज्या उस्तादाकडे तो जातो त्यालाही काही परत देऊ शकतो.

इलेक्ट्रिकची भीती दाखवणाऱ्यांना आकडे सांगतो. 2024-25 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 96 लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यांत इलेक्ट्रिक साडेअकरा लाखांच्या आसपास होत्या. पेट्रोलच्या गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे आज विकली गेलेली गाडी 2040 च्या आसपासही कुणाच्या तरी हाताखाली येत राहील. चेतकचे नावही आता 2020 पासून विजेवर धावते आहे, हे खरे. पण तिलाही ब्रेक आहेत, शॉकअप आहेत, बेअरिंग आहेत आणि पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वायरिंग आहे. तरीही मी हे चित्र रंगवून सांगणार नाही. ऑइल बदलणे, टॅपेट सेट करणे, क्लच प्लेट टाकणे ही गॅरेजची रोजची भाकरी आहे आणि ती विजेच्या गाडीत नाही. कामाची संख्या कमी होईल, एकेका कामाला लागणारी समज वाढेल. त्यामुळे विजेचे ज्ञान घेऊन येणाऱ्याला हा काळ संधीचा आहे, आणि ते न घेता येणाऱ्याला मी या धंद्यात येऊ नको असेच सांगेन.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. ज्ञान मिळवले तरी कंपनीने कुलूप लावले तर? तपासणीचे सॉफ्टवेअर, सर्किटचे नकाशे, अस्सल सुटे भाग अधिकृत सेंटरपुरतेच ठेवले, तर बाहेरचा मेकॅनिक कितीही शिकलेला असो, त्याचे हात बांधलेले. ही भीती काल्पनिक नाही. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना नेमक्या याच कारणासाठी दोषी धरले आणि अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. ते प्रकरण मोटारींचे होते, दुचाकींचे नाही, आणि आदेशाने बाजार एका रात्रीत खुला झाला असेही नाही. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही घेतली. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आणि कंट्रोलर यांच्याबाबतीत हे कुलूप आज जास्तच घट्ट आहे, आणि या मुद्द्यावर माझ्याजवळ निर्धास्त करणारे उत्तर नाही. एवढे म्हणता येते की दुरुस्तीच्या माहितीसाठी भांडायचे तर ती माहिती वाचू शकणारे हजारो सुटे मेकॅनिक आधी असावे लागतात. जो नकाशा कुणाला वाचताच येत नाही तो खुला करा अशी मागणी जोर धरत नाही.

कमाईबद्दल आकडा सांगण्याचा मोह मी टाळतो, कारण गाव, गॅरेज आणि हात यांप्रमाणे तो बदलतो. धंद्याची रीत मात्र सांगता येते. सुरुवातीची दोन-तीन वर्षे विद्यावेतनाची किंवा तुटपुंज्या पगाराची असतात. सर्व्हिस सेंटरमध्ये नवे मॉडेल आणि कंपनीचे प्रशिक्षण मिळते, पण दिवसभर एकाच तऱ्हेच्या सर्व्हिसिंगमध्ये माणूस अडकतो. बाहेरच्या गॅरेजात वैविध्य मिळते. चांगले मेकॅनिक पुष्कळदा आधी सेंटरमध्ये आणि मग स्वतःच्या शटरमध्ये, असे गेलेले दिसतात. शरीराचा हिशोबही आताच करावा. उघड्या हाताने पेट्रोलने भाग धुणे ही गॅरेजची जुनी सवय, आणि पेट्रोलमधले बेंझिन कर्करोगाला कारण ठरते. ब्रेक ड्रममधली धूळ तोंडाने फुंकली जाते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. हातमोजे आणि मास्क वापरणाऱ्याला गॅरेजात हसतात, त्याने हसू द्यावे. आणि प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एकदा स्वतः जाऊन यावे. इंजेक्शनची चालू स्थितीतली गाडी तिथे आहे का, मुलांच्या हातात मल्टिमीटर आहे की तो कपाटात कुलूपबंद आहे, इलेक्ट्रिक स्कूटर मुलांनी उघडली आहे की नुसती झाकून ठेवली आहे, हे दहा मिनिटांत दिसते. फक्त कापून रंगवलेले दोन स्ट्रोकचे इंजिन स्टँडवर उभे असेल, तर दुसरी संस्था शोधावी, ती दूरच्या गावी असली तरी.